अमेरिकेत मतदारयादीतून नाव उडालं तर? नव्वद दिवसांचा नियम आणि कोर्टाचा रस्ता

मेपलपान

आमच्या मंडळातर्फे नव्याने अमेरिकी नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक काढायचं आहे. नोंदणी कशी करायची हे कुठेही सापडतं. अडतं ते पुढे. एकदा नोंदलेलं नाव राज्याने काढून टाकलं तर काय करायचं?

२०२४ मध्ये व्हर्जिनिया आणि अलाबामा या दोन राज्यांनी "नागरिक नसावेत" अशा संशयावरून नावं काढली. दोन्ही प्रकरणं कोर्टात गेली. अलाबामाला थांबावं लागलं, व्हर्जिनियाला शेवटी मोकळीक मिळाली. कायदा तर एकच आहे! नेमकं हवं आहे ते असं:

राज्याला नाव कोणत्या कारणांनी काढता येतं? नव्वद दिवसांचा नियम म्हणतात तो काय? कोर्टात कोण जाऊ शकतं आणि त्याआधी काय करावं लागतं? आणि मतदानाच्या दिवशीच नाव नाही असं कळलं, तर तिथल्या तिथे काय करायचं?

"वकिलाला विचारा" हे पत्रकात आहेच. त्याच्या पुढचं लिहावं ही विनंती.

कलमदान

सगळं फिरतं ते १९९३ च्या नॅशनल व्होटर रजिस्ट्रेशन ॲक्टच्या कलम ८ भोवती. हाच तो "मोटर व्होटर" कायदा, ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणीची सोय करणारा. आयडाहो, मिनेसोटा, न्यू हॅम्पशर, नॉर्थ डकोटा, विस्कॉन्सिन आणि वायोमिंग या सहा राज्यांना तो लागू नाही, हे पत्रकात सर्वात वर घाला. तिथल्या माणसाला पुढची बरीचशी माहिती उपयोगी पडणार नाही.

कलम ८ प्रमाणे नाव काढण्याची कारणं मोजकी आहेत: मतदाराने स्वतः केलेली विनंती, मृत्यू, पत्ता बदलणं, आणि राज्याच्या कायद्यात तरतूद असेल तर गुन्ह्यातली शिक्षा किंवा मानसिक अक्षमता. "नागरिक नाही" हे कारण या यादीत शब्दशः लिहिलेलं नाही. राज्यं म्हणतात, जो मुळात पात्रच नव्हता तो कायद्याच्या अर्थाने मतदार झालाच नाही, मग त्याला संरक्षण कसलं? विरुद्ध बाजू म्हणते, तो पात्र होता की नव्हता हेच तर तुम्ही घाईत आणि चुकीच्या माहितीवर ठरवताय. बहुतेक खटल्यांचा गाभा इथे आहे.

पत्ता बदलल्याच्या संशयावरून थेट नाव काढता येत नाही. मतदाराने स्वतः लेखी कळवलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर राज्याने नव्या पत्त्यावर पुढे जाऊ शकेल अशा टपालाने नोटीस पाठवायची, सोबत टपालखर्च भरलेलं उत्तराचं कार्ड द्यायचं. उत्तर आलं नाही आणि त्यानंतरच्या दोन फेडरल सार्वत्रिक निवडणुकांत त्या माणसाने मतही दिलं नाही, तरच नाव काढायचं. म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत नोटीस निघाली असेल, तर नोव्हेंबर २०२६ आणि नोव्हेंबर २०२८ या दोन्ही निवडणुका होऊन जाईपर्यंत नाव यादीत राहिलं पाहिजे. मधल्या काळात शेरा "इनॲक्टिव्ह" असा दिसतो. तो दिसला की लोक समजतात, नाव गेलं. तसं नाही. इनॲक्टिव्ह मतदाराला मत देता येतं. फार तर पत्त्याबद्दल लिहून द्यावं लागतं.

मत न देणं हे नाव काढण्याचं कारण असू शकत नाही, असं कायदा म्हणतो. पण ओहायोने त्यातून वाट काढली. दोन वर्षं मत दिलं नाही म्हणून कार्ड पाठवायचं, आणि कार्डाला उत्तर नाही व पुढची चार वर्षं मतही नाही म्हणून नाव काढायचं. ११ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टाने हस्टेड खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत वैध ठरवली. निकालपत्र न्या. अलिटो यांचं. न्या. ब्रेयर यांच्या विरोधी मतातला आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: २०१२ मध्ये ओहायोने सुमारे १५ लाख कार्डं पाठवली आणि त्यातल्या १० लाखांहून अधिक लोकांकडून काहीच उत्तर आलं नाही. एवढे लोक काऊंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सोडून गेलेले नसतात. जाहिरातींच्या गठ्ठ्यातून ते कार्ड थेट कचऱ्यात जातं. पत्रकात एकाच गोष्टीचं चित्र छापायचं असेल तर या कार्डाचं छापा.

आता नव्वद दिवस. फेडरल प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) किंवा सार्वत्रिक निवडणुकीच्या ९० दिवस आधी, अपात्रांची नावं "पद्धतशीरपणे" काढण्याची कोणतीही मोहीम राज्याने पूर्ण केलेली असली पाहिजे. सुरू केलेली असून भागत नाही. ३ नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक धरली तर ही तारीख ५ ऑगस्ट येते. प्राथमिक निवडणुकीचे ९० दिवस वेगळे मोजायचे, त्यामुळे काही राज्यांत निवडणुकीच्या वर्षात राज्याला फार थोडे मोकळे महिने उरतात. विनंती, मृत्यू, शिक्षा किंवा अक्षमता, आणि नोंदीतली चूक दुरुस्त करणं या गोष्टी मात्र ९० दिवसांतही करता येतात.

"पद्धतशीर" म्हणजे काय यावर खरी लढाई होते. एखाद्या माणसाची स्वतंत्र चौकशी करून नाव काढलं तर ते वैयक्तिक. एक यादी दुसऱ्या यादीशी जुळवून पत्रं काढली तर ते पद्धतशीर, मग प्रत्येकाला वेगळं पत्र का गेलेलं असेना. अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून फेडरल अपील विभाग) अपील कोर्टाने २०१४ मध्ये आर्सिया खटल्यात फ्लोरिडाला सांगितलं की नागरिकत्वाच्या तपासणीलाही ९० दिवसांचं बंधन आहे. कारण सरळ होतं: शेवटच्या दिवसांत झालेली चूक सुधारायला मतदाराकडे वेळच उरत नाही.

अलाबामा त्याच सर्किटमध्ये येतं. तिथे १३ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे निवडणुकीच्या ८४ दिवस आधी, ३,२५१ जणांवर कारवाई जाहीर झाली. नावं इनॲक्टिव्ह केली आणि फौजदारी चौकशीसाठीही पाठवली. आधार एवढाच, की त्यांना कधीकाळी बिगरनागरिकांचा ओळख क्रमांक मिळाला होता. तो तर नागरिक झालेल्या प्रत्येक स्थलांतरिताला मिळालेला असतो! राज्याच्याच साक्षीतून निघालं की त्यातले किमान २,०७४ जण पात्र मतदार होते. १६ ऑक्टोबरला न्या. मनास्को यांनी मोहीम थांबवली.

व्हर्जिनियात राज्यपालांचा आदेश ७ ऑगस्ट २०२४ चा, बरोबर नव्वदाव्या दिवशीचा. लायसन्सच्या कार्यालयात नागरिकत्वाच्या प्रश्नापुढे "नाही" अशी खूण दिसली की पत्र जायचं. १४ दिवसांत उत्तर आलं नाही की नाव रद्द. केंद्राच्या न्याय खात्याने ११ ऑक्टोबरला दावा लावला. २५ ऑक्टोबरला न्या. जाइल्स यांनी सुमारे १,६०० नावं परत घालायला सांगितली, चौथ्या सर्किटने २७ ला ते बहुतांशी कायम ठेवलं, आणि ३० ला सुप्रीम कोर्टाने जाइल्स यांच्या आदेशाला स्थगिती दिली. तीन न्यायमूर्तींनी विरोध नोंदवला.

त्या स्थगितीला कारणं दिलेली नाहीत. त्यामुळे "सुप्रीम कोर्टाने नव्वद दिवसांचा नियम मोडीत काढला" असं जे सांगितलं जातं ते चूक आहे. नियमाच्या अर्थावर कोर्ट काहीही बोललेलं नाही. मात्र निवडणूक तोंडावर असताना फेडरल कोर्टांनी नियमांत हात घालू नये, हे २००६ च्या पर्सेल निकालापासूनचं धोरण प्रत्येक उशिरा आलेल्या दाव्याच्या वाटेत उभं असतं.

आडवाटेने

वरचं कायद्याचं झालं. आपल्या लोकांची नावं अडकतात ती माहितीच्या शिळेपणामुळे, आणि तिथे बरंच काही आपल्याच हातात आहे.

टेक्सासचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१९ मध्ये राज्याने सुमारे ९५,००० मतदारांची यादी काऊंट्यांना पाठवली. आधार लायसन्स खात्याकडच्या कागदांचा: या माणसाने कधीतरी ग्रीन कार्ड किंवा व्हिसा दाखवला होता. ग्रीन कार्डावर लायसन्स काढलं, दोन वर्षांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, नोंदणी केली, मत दिलं; लायसन्सची मुदत बाकी म्हणून त्या कार्यालयात पुन्हा जायचं कारणच पडलं नाही. त्यांच्या लेखी तो माणूस अजून परदेशी. काही दिवसांतच हजारो नावं चुकीची असल्याचं राज्याला मान्य करावं लागलं. एप्रिलमध्ये तडजोड झाली, यादी मागे घेतली आणि वादींच्या वकिलांचे साडेचार लाख डॉलर राज्याला द्यावे लागले.

शपथविधीनंतर तीन ठिकाणची नोंद बदलून घ्या, म्हणजे हा धोका बराच कमी होतो.

पहिली, सोशल सिक्युरिटी. शपथेनंतर किमान दहा दिवस थांबून, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा अमेरिकी पासपोर्ट घेऊन जायचं आणि एसएस-५ अर्ज भरायचा. हे लोक हमखास विसरतात, कारण क्रमांक तोच राहतो. पण केंद्राची "सेव्ह" ही नागरिकत्व पडताळणीची प्रणाली २०२५ पासून सोशल सिक्युरिटी क्रमांकावरूनही शोध घेते आणि राज्यांना हजारो नावं एकदम टाकून तपासता येतात. तिथली नोंद जुनी असेल तर उत्तर जुनंच येणार.

दुसरी, लायसन्सचं कार्यालय. मुदत संपायची वाट पाहू नका. पासपोर्ट दाखवून नागरिकत्वाची नोंद बदला आणि पावती ठेवा. तिथल्या स्क्रीनवर "तुम्ही नागरिक आहात का" हा प्रश्न रिकामा सोडू नका. चुकून "नाही" दाबलं गेलं तर व्हर्जिनियासारख्या पत्राची सुरुवात तिथूनच होते.

तिसरी, पासपोर्ट. डीएस-११ अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते नंतर परत येतं. सोबत पासपोर्ट कार्डही मागून घ्या, पाकिटात मावतं.

मुलांकडे विशेष लक्ष द्या. २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने, अठराच्या आतलं, ग्रीन कार्डधारक आणि नागरिक पालकाच्या ताब्यात इथे राहणारं मूल, आईवडिलांपैकी एकजण नागरिक झाला की आपोआप नागरिक होतं. शपथ नाही, प्रमाणपत्रही नाही. त्यामुळे मुलाने पासपोर्ट किंवा एन-६०० अर्जाने नागरिकत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर सेव्हला तो अजून ग्रीन कार्डवालाच दिसू शकतो. कॉलेजला गेलेला, पहिल्यांदा मत देणारा हा मुलगा. आणि चौकशीचं पत्र येतं घरच्या पत्त्यावर.

नावांचा घोळ वेगळाच. भारतीय पासपोर्टात "दिलेलं नाव" या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. "सुनीता रमेश" हे पहिलं नाव आणि "कुलकर्णी" आडनाव. मग एका कार्यालयात पहिलं नाव सुनीतारमेश, दुसरीकडे सुनीता आर., तिसरीकडे मधलं नाव रमेश. याद्या जुळवणारं यंत्र याला दोन माणसं समजतं, किंवा दोन वेगळ्या सुनीता कुलकर्णींना एकच. इंडियानाने क्रॉसचेक नावाच्या आंतरराज्य यादीशी पहिलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून नोटीस न देता नाव काढायची सोय केली होती. सातव्या सर्किटने २०१९ मध्ये ते थांबवलेलं कायम ठेवलं. शपथ घेताना नाव बदलायची संधी असते. तेव्हाच एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लावा.

तिसरा_मजला

एक भर, आणि ती ठळक छापा. ग्रीन कार्डवर असलेले आईवडील लायसन्स किंवा ओळखपत्र काढायला जातात तेव्हा मतदार नोंदणीचा प्रश्नही पुढे येतो. घाईत "हो" दाबलं जातं. नागरिक नसताना नोंदणी करणं आणि मत देणं याचे परिणाम फौजदारी तर आहेतच, शिवाय देशातून काढण्याची कारवाई होऊ शकते, आणि पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात हा प्रश्न विचारलाच जातो. असं मतदार नोंदणीचं कार्ड घरी आलं तर मत अजिबात देऊ नका, आणि नाव काढण्याचं पत्र लिहिण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. पत्रातला एक शब्द चुकला तरी तो कबुलीसारखा वाचला जातो.

मेपलपान

फार उपयोगी. दोन शंका. जॉर्जियात कोणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो म्हणतात, ते खरं का? आणि दावा लावण्याआधीच्या नोटिशीचं कोणी सविस्तर लिहील का? मंडळाला संस्था म्हणून दावा लावता येतो का?

कलमदान

जॉर्जियाचं खरं आहे. त्याच काऊंटीचा कोणताही मतदार हरकत घेऊ शकतो, आणि २०२१ च्या कायद्याने किती नावांवर घ्यायची याला मर्यादा नाही हे स्पष्ट केलं. एकेक माणूस हजारो नावांची यादी आणून देतो. बहुतेक यादी टपालखात्याच्या पत्ताबदलाच्या नोंदींवरून केलेली असते. पण टपाल दुसरीकडे वळवणारा प्रत्येकजण घर सोडून गेलेला नसतो: विद्यार्थी, सैन्यातले लोक, सहा महिन्यांच्या कामावर गेलेले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटच्या फेरनिवडणुकीआधी मस्कोगी आणि बेन हिल या दोन काऊंट्यांत अशा ४,००० च्या वर हरकती आल्या, तेव्हा फेडरल न्यायाधीशांनी तेवढ्या आधारावर मतदार अडवायला मनाई केली. २०२४ च्या दुरुस्तीनुसार केवळ पत्ताबदलाची नोंद पुरेशी धरायची नाही आणि निवडणुकीच्या ४५ दिवसांच्या आत आलेल्या हरकती निकाल प्रमाणित होईपर्यंत बाजूला ठेवायच्या. सुनावणीचं पत्र आलं तर जाच. वीजबिल आणि भाडेकरार न्या. सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्याची, पण समोर कोणी नसलं की तो जे म्हणतो तेवढंच नोंदलं जातं.

नोटिशीबद्दल. कलम ११(बी) प्रमाणे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. बहुतेक राज्यांत हा अधिकारी सेक्रेटरी ऑफ स्टेट. काही ठिकाणी निवडणूक मंडळ. काऊंटीला प्रत द्या, पण नुसतं काऊंटीला पाठवून भागणार नाही. मुदती अशा: चूक सुधारायला राज्याला ९० दिवस; उल्लंघन फेडरल निवडणुकीच्या १२० दिवसांच्या आत झालं असेल तर २० दिवस; ३० दिवसांच्या आत असेल तर नोटिशीची गरजच नाही, सरळ दावा. पत्रात कोणाचं नाव, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने काढलं आणि कलम ८ चा कोणता भाग मोडला हे लिहा. नाव देणं महत्त्वाचं आहे. लुइझियानातल्या एका खटल्यात संस्थेची नोटीस होती, पण वैयक्तिक वादीने स्वतःची दिली नव्हती. पाचव्या सर्किटने २०१४ मध्ये त्याचा दावा तेवढ्यावर फेटाळला. पोचपावतीच्या टपालाने पाठवा.

त्याआधी किंवा सोबतच कलम ८(आय) खाली माहिती मागा. यादी अद्ययावत करण्याच्या कामाच्या नोंदी राज्याने किमान दोन वर्षं जपून लोकांना पाहू द्यायच्या असतात. कोणाकोणाला नोटिसा गेल्या, पत्ते काय, उत्तर आलं की नाही, हे त्यात येतं. एकट्याची तक्रार "पद्धतशीर" ठरते ती या यादीवरून.

मंडळाला दावा लावता येईल, पण २०२४ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या गोळीच्या खटल्यात संस्थांसाठी उंबरा वर नेला. "या मोहिमेमुळे आम्हाला लोकांना समजावण्यावर पैसे खर्चावे लागले" एवढं आता पुरत नाही. ज्याचं नाव प्रत्यक्ष गेलं असा सभासद वादी म्हणून पुढे असेल तर पाया पक्का. जिंकल्यास वकिलाची फी मिळण्याची तरतूद कलम ११(सी) मध्ये आहे.

मागण्या काय करायच्या यावर नीट विचार करा. नुसतं "नाव परत घाला" पुरत नाही. ज्यांना "तुम्ही अपात्र" असं पत्र गेलं त्या प्रत्येकाला "तुम्ही मत देऊ शकता" असं दुसरं पत्र जायला हवं, मतदान केंद्रावरच्या यादीत बदल हवा, आणि कर्मचाऱ्यांना लेखी सूचना हवी. घाबरलेला माणूस नाव परत आलं तरी मतदानाला जात नाही.

उलट्या दिशेचेही दावे होतात: राज्य पुरेशी नावं काढत नाही म्हणून. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काऊंटीविरुद्धचा दावा २०१९ मध्ये अपिलात टिकला नाही. मृतांची नावं काढण्यावरून मिशिगनविरुद्धचा २०२५ मध्ये टिकला नाही. कायदा "वाजवी प्रयत्न" मागतो, निर्दोष यादी मागत नाही, असं दोन्ही कोर्टांचं म्हणणं.

आडवाटेने

मतदानाच्या दिवसाचं राहिलं, ते लिहितो.

यादीत नाव नाही म्हटल्यावर परत फिरू नका. २००२ च्या हेल्प अमेरिका व्होट ॲक्टच्या कलम ३०२ प्रमाणे फेडरल निवडणुकीत प्रोव्हिजनल (तात्पुरती) मतपत्रिका मागायचा हक्क आहे. मी नोंदणीकृत आहे आणि पात्र आहे असं लिहून सही करायची, मत द्यायचं. ते मत मोजलं की नाही, आणि नसेल तर का, हे कसं तपासायचं याचा लेखी कागद त्यांनी द्यायचा असतो. तो घेतल्याशिवाय निघू नका. पाकीट वेगळं ठेवतात आणि पात्रता पटली तरच मोजतात. कागद नेऊन द्यायची मुदत राज्यागणिक वेगळी आणि फार थोड्या दिवसांची असते, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट घेऊन काऊंटी कार्यालयात जा. व्हर्जिनियासारख्या राज्यांत त्याच दिवशी नव्याने नोंदणीही करता येते. २०२४ मध्ये नाव गेलेल्यांना तीच एक वाट उरली होती.

नाव यादीत असूनही आव्हान दिलं जाऊ शकतं. आयोवाने २०२४ मध्ये २,१७६ नावांवर खूण केली आणि त्यांना प्रोव्हिजनल मत द्यायला लावलं. निवडणुकीच्या दोन दिवस आधी, ३ नोव्हेंबरला, न्यायाधीशांनी ते थांबवायला नकार दिला. म्हणून पहिली काही वर्षं तरी पासपोर्ट कार्ड खिशात असू द्या.

पत्रकात तीन तारखा छापा: जुलैच्या पहिल्या आठवड्यात राज्याच्या संकेतस्थळावर नाव पाहणं, ५ ऑगस्टनंतर पुन्हा पाहणं, आणि तुमच्या राज्याची नोंदणी बंद होण्याच्या दहा दिवस आधी तिसऱ्यांदा. दर वेळी नाव, शेरा आणि तारीख एकत्र दिसेल असं पानाचं छायाचित्र घ्या. जुलैच्या चित्रात "ॲक्टिव्ह" आणि सप्टेंबरच्या चित्रात नाव गायब, ही दोन पानं वकिलाच्या हातात पडली की पहिला अर्धा दिवस वाचतो.